कळंबमार्गे

मी त्याला कळंबचा रस्ता सांगितला, तेव्हा तंत्रशाळा आमच्या पाठीमागे पन्नास पावलांवर होती.

फेब्रुवारीतला मंगळवार, सकाळचे अकरा. वसईत, पाचूबंदरच्या किनाऱ्यावर मी आईसाठी बोंबील घेत होते. "मच्छीमार सोसायटीची तंत्रशाळा कुठे आहे हो?" असं मागून कुणीतरी विचारलं. वळून पाहिलं, तर उंच, सावळा माणूस. इस्त्रीचा शर्ट, किनाऱ्यावर कुणी घालत नाही असे काळे बूट, काखेत निळी फाइल. फाइलवरची अक्षरं मी एका दमात वाचली – राज्य तंत्रशिक्षण समन्वय गट.

आठ दिवसांपूर्वी आलेल्या पत्राच्या माथ्यावर हेच नाव होतं.

शाळेची पाटी त्याला दिसणं शक्य नव्हतं. पप्पांनी ती समुद्राच्या बाजूला लावली होती, बोटीवरून येणाऱ्यांना वाचता यावी म्हणून. रस्त्याने येणाऱ्यांची त्यांनी कधी फिकीर केली नाही.

"कळंबला आहे," मी म्हटलं.

"कळंब? म्हणजे इथून लांब?"

"नालासोपाऱ्याहून पश्चिमेला. रिक्षा मिळेल. समुद्र लागला की कुणालाही विचारा."

त्याने फाइल उघडून पाहिली. "पण पत्त्यात तर पाचूबंदर लिहिलंय."

"सरकारी कागदात काहीही लिहितात," मी म्हटलं. हे मात्र मनापासून म्हटलं.

तो "थँक यू, मॅडम" म्हणून गेला. चांगला हसलासुद्धा. रोझमेरी मावशीने बोंबील मोजता मोजता माझ्याकडे पाहिलं.

"बस्त्याव मास्तरची पोर, न् खोटं बोलते?"

"रविवारी फादरकडे कुमसार करीन, पाप कबूल करीन, मावशी."

"कर. पन त्याचे बूट बघितले का गो? रेतीत मरतील."

बस्त्याव मास्तर म्हणजे माझे पप्पा. सोसायटीच्या या एका खोलीच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी कोळ्यांच्या पोरांना बोटीचं इंजिन दुरुस्त करायला शिकवलं. ऑक्टोबरात ते गेले. जाण्याआधी फार काही बोलले नाहीत. "जूनला वर्ग भरला पाहिजे, शर्ली," एवढंच दोनदा म्हणाले.

वर्ग जूनलाच भरतो, कारण जून-जुलै मासेमारीला बंदी. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिनं बाहेर काढलेली असतात आणि पोरं रिकामी असतात. शिकायचं तेव्हाच. एरवी पोरं बोटीवर, इंजिन बोटीत आणि बोट पाण्यात.

पण आता राज्यभरातल्या तंत्रशिक्षण संस्था एकत्र येत होत्या. सगळ्यांचा एक अभ्यासक्रम, एक यादी, एक वेळापत्रक. यादीत असेल त्याचं प्रमाणपत्र राज्यात कुठेही चालणार. कल्पना वाईट नव्हती. पप्पांनाही आवडली असती. फक्त पत्रात लिहिलं होतं, की मागवलेल्या जानेवारी महिन्याच्या पानांवर हजेरी शून्य दिसते, सबब हा वर्ग यादीतून वगळण्याची शिफारस आहे, आणि शिकवण्याचं इंजिन दुसऱ्या संस्थेला देण्यासाठी प्रतिनिधी पाहणीस येतील.

प्रतिनिधी आले होते. मी त्यांना कळंबला पाठवलं होतं. मी वसईच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली होती, त्यांच्याशी शांतपणे, मुद्देसूद बोलण्यासाठी.

चार वाजता तो परत आला. शाळेच्या दारात उभा राहिला, एक बूट काढला आणि उंबऱ्याबाहेर उपडा केला. पसाभर रेती पडली.

"कळंबला तंत्रशाळा नाही," तो म्हणाला. "समुद्र मात्र छान आहे."

मी ओढणी सारखी केली.

"मी तिथल्या लोकांना सांगितलं, एका बाईंनी पाठवलंय. निळी ओढणी, हातात बोंबील, आणि खोटं बोलताना थेट डोळ्यांत बघतात. ते म्हणाले, बस्त्याव मास्तरांची शर्ली."

"त्यांनी मला ओळखलं?"

"लगेच. मग चहा दिला. तीन बोटवाल्यांनी मला आपापलं इंजिन दाखवलं. तिन्ही इंजिनं इथं शिकलेल्या पोरांनी बांधलेली." त्याने दुसरा बूट काढला. "म्हणजे तुम्ही मला चुकीच्या जागी पाठवलं नाहीत. फक्त उलट्या क्रमाने पाठवलंत."

राग धरून ठेवायचा, तर समोरच्याने थोडी मदत करावी लागते. हा करत नव्हता.

"तुमचं नाव?"

"चंद्रहास."

"रावणाच्या तलवारीचं नाव."

"हो. पण घरात कांदा चिरायला मला सुरी सापडत नाही." मग त्याने चेहरा गंभीर केला. "एक सांगायचं होतं. ती शिफारस... माझी आहे. रेती झाडून लगेच सांगावं असं ठरवलं होतं."

"मग झाडून झाली असेल तर निघा."

तो निघाला नाही. अनवाणी आत आला. खोलीच्या मध्यभागी स्टँडवर इंजिन होतं आणि स्टँडच्या फळीवर पप्पांचा चष्मा. ऑक्टोबरपासून तो कुणी हलवला नव्हता. चंद्रहासने फाइल ठेवायला हात पुढे केला, चष्मा पाहिला, आणि फाइल पुन्हा काखेत धरली. खोलीत फाइल ठेवण्याजोगी तेवढीच एक फळी होती. पुढचा तासभर तो ती जाड फाइल काखेत धरूनच उभा राहिला.

मला ते दिसलं. दिसायला नको होतं असंही वाटलं.

"पूर्ण वह्या बघू का?" त्याने विचारलं.

मी मागच्या वर्षीच्या वहीतलं जानेवारीचं पान उघडलं. हजेरीच्या रकान्यात शून्यं होतीच. पण पानाच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, पप्पांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं – *पोरं दर्यावर*. त्याच्या मागच्या जानेवारीत तेच. त्याच्या मागच्याही. एकतीस जानेवारी, एकतीस वेळा.

"माझ्याकडच्या फोटोत हे नव्हतं."

"फोटो मेलरॉयने पाठवले." मेलरॉय पप्पांचा विद्यार्थी, आता इथला शिक्षक. "तुम्ही आकडे मागितलेत. त्याने आकड्यांचा रकाना तेवढा काढून पाठवला. मास्तरांच्या शिस्तीतला आहे. मागितलं तेवढंच देतो."

चंद्रहास बराच वेळ त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"माझे वडील साखर कारखान्यात टर्नर होते, सांगलीकडे," तो म्हणाला. "हंगाम सुरू झाला, की आमच्याकडची पोरंही वर्गात नसतात. थंडीभर कारखाना ऊस गाळतो आणि पोरं तिथंच. मी स्वतः तिथंच असायचो. हे मला कळायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

"तुम्ही फार सोडून देत नाही कुणाला."

"तुम्ही इंजिन न्यायला आलात. मी आरती ओवाळू?"

तो हसला. मग इंजिनाला टेकवून ठेवलेल्या लाकडाकडे बोट करून म्हणाला, "हे काय?"

ते जुन्या वल्ह्याचं टोक होतं, हातभर लांब. एक बाजू कानाच्या घासण्याने गुळगुळीत झालेली. पप्पा इंजिन चालू करायचे, पोरांना डोळे मिटायला लावायचे, आणि वल्हं इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावायला सांगायचे. कुठे दुखतंय ते इंजिन स्वतः सांगतं, असं म्हणायचे.

मी इंजिन चालू केलं. खोली थरथरायला लागली. "डोळे मिटा," मी म्हटलं. त्याने मिटले. मी वल्ह्याचं टोक त्याच्या कानाशी नेलं आणि दुसरं झाकणावर टेकवलं. त्याच्या कपाळावर मिठाचा पांढरा पापुद्रा आला होता... कळंबचा वारा.

"काय ऐकू येतं?"

"टक टक. डाव्या बाजूला. बारीक."

"टॅपेट ढिले आहेत. झडपा उघडतात ते. पप्पांनी मुद्दाम तसेच ठेवलेत, शिकवायला."

त्याने डोळे उघडले. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ वल्हं आम्हा दोघांच्या हातात होतं.

"याला माझ्या पाहणीच्या तक्त्यात रकाना नाही," तो म्हणाला.

"मग तक्ता बदला."

त्याने मान डोलावली. मी वाद घालायच्या तयारीत होते. मान डोलावणाऱ्याशी काय करायचं ते ठरवलं नव्हतं.

*

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला. राहायला वसईतच, एव्हरशाईन सिटीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मूळचा सांगलीच्या सरकारी आयटीआयमधला शिक्षक, वर्षभरासाठी समन्वय गटात आलेला. येताना भिंतीवरचं मोठं कॅलेंडर घेऊन आला. राज्यातल्या संस्थांना फोन करायचे आणि एकच विचारायचं – तुमची पोरं वर्गात कधी नसतात?

भंडाऱ्याच्या सरांनी भातगिरण्यांचे महिने सांगितले. जळगावहून कापसाच्या जिनिंगचे आले, सांगलीहून उसाचे, नाशिकहून द्राक्षांचे. रत्नागिरीच्या सरांना प्रश्न पुरा विचारावाच लागला नाही. "जून-जुलै सोडून कधीही नसतात हो," ते म्हणाले, "हे विचारायला इतकी वर्षं लागली?" मी पेन्सिलीने खुणा करत गेले. मार्च संपेपर्यंत कॅलेंडरवर अकरा गावांचे महिने होते, एकमेकांवर चढलेले, आणि त्यात 'सगळ्यांसाठी एकच' असा एकही महिना नव्हता.

"तुमचं अक्षर छान आहे," तो एकदा म्हणाला.

"ग्रंथालयात कार्डं लिहून झालंय."

"माझं कार्ड कुठल्या कपाटात ठेवलंय?"

"अजून नोंद झालेली नाही. पुस्तक तपासणीला आहे."

"किती दिवस लागतात?"

"पानं फाटलेली नसतील तर कमी."

तो कॅलेंडरकडे तोंड करून हसला. मला त्याचे नुसते कान दिसले, लाल झालेले.

आईने त्याची तपासणी वेगळ्या पद्धतीने केली. जेवायला बसवलं आणि मुद्दाम बोय वाढली, काट्यांनी भरलेला मासा. सांगलीच्या माणसाने घाम येईपर्यंत एकेक काटा काढून ताटाच्या कडेला रांगेत लावला.

"हिंदू ना तो?" तो गेल्यावर आईने विचारलं.

"हो."

"न् काटे असे लावून ठेवतो?"

"टर्नरचा मुलगा आहे, मम्मी."

"बघू," आई म्हणाली. "पानी मागितलं नाय त्याने मधे. ते बरं वाटलं."

एवढ्यावर तिने विषय बंद केला. माझा बंद झाला नाही. शाळेत पप्पांचा चष्मा होता तिथेच होता आणि मी शनिवारची वाट बघत होते. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नव्हते.

*

बैठक एप्रिलअखेर पुण्याला झाली. लांब टेबल, राज्यभरातले प्राचार्य, मध्यभागी अध्यक्ष जयवंती मॅडम. चंद्रहासने भिंतीवर आमचं कॅलेंडर लावलं आणि बाजूला झाला. "तुम्ही बोला," एवढंच म्हणाला.

"मी ग्रंथालयात काम करते," मी म्हटलं. "पुस्तक चुकीच्या कपाटात शोधलं तर सापडत नाही. म्हणून आम्ही ते यादीतून काढत नाही. तुम्ही आमचा वर्ग जानेवारीत शोधलात. तो जूनमध्ये आहे. या दहा गावांचाही त्यांच्या त्यांच्या महिन्यांत आहे. एकत्र यायचं म्हणजे सगळ्यांनी एकाच दिवशी बाकावर बसायचं, असा अर्थ नसावा."

जयवंती मॅडमनी कॅलेंडर नीट पाहिलं. त्या वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. "मास्तरांचं काम मोठं आहे," त्या म्हणाल्या. "पालघरच्या नव्या कार्यशाळेला आपण त्यांचं नाव देऊ. पाटी लावू. पण प्रत्येक गावासाठी वेगळं वेळापत्रक–"

"नाव नको, मॅडम," मी म्हटलं. "महिने द्या."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

मग चंद्रहास उठला. "वगळण्याची शिफारस माझी होती. मी जागेवर न जाता लिहिली. ती मी मागे घेतोय, आणि तसं लेखी दिलंय."

"म्हणजे गटाचा अहवाल चुकला असं तुम्ही गटाच्याच बैठकीत म्हणताय?" टेबलाच्या टोकाहून कुणीतरी विचारलं.

"हो, सर."

निर्णय संध्याकाळी आला. अकराही गावांना एक वर्ष आपापल्या हंगामाचं वेळापत्रक, प्रयोग म्हणून. अट एकच: वर्ग सुरू झाल्यापासून पंधरा दिवसांत बारा विद्यार्थी आणि दोन प्रशिक्षित शिक्षक हजर नसतील, तर त्या गावाचं नाव कायमचं वगळलं जाईल.

बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, "मला परत सांगलीला पाठवतायत. परवापासून."

"माझ्यामुळे."

"माझ्या अहवालामुळे. तुम्ही सगळं श्रेय घेऊ नका." त्याने कॅलेंडरची गुंडाळी माझ्या हातात दिली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि बुटांकडे बघितलं. "नीट जा."

"तुम्हीही," मी म्हटलं. एवढी पुस्तकं वाचून ऐन वेळी मला एवढंच सुचलं.

*

बारा पोरांची चिंता नव्हती. चौदा नावं मेलरॉयने किनाऱ्यावर उभ्या उभ्या लिहून घेतली. प्रश्न दुसऱ्या शिक्षकाचा होता. दुसरे शिक्षक पप्पा होते.

मे महिनाभर मी फिरले. विरार, पालघर, अर्नाळा. प्रमाणपत्र असलेले होते, पण दोन महिन्यांसाठी नोकरी सोडून कोण येणार? मेलरॉय दर दोन दिवसांनी म्हणायचा, "शर्लीताय, सरांना एक फोन मार ना."

"नाही."

"का पन?"

कारण आमच्यासाठी त्याने एकदा उभं राहून स्वतःचं नुकसान करून घेतलं होतं. पुन्हा मागणं म्हणजे उपकार मागणं. आणि कारण पायऱ्यांवर तो बोलला नव्हता. न बोललेल्या माणसाला मी काय विचारायचं? त्याचाही फोन आला नाही. मीही केला नाही. हट्टाला हट्ट, आणि दोन्ही बाजूंना माणूस जिवंत, याचा मला रोज थोडा रागही यायचा. ज्याला खरोखर फोन करता येत नाही, असा माझा एकच माणूस होता, पप्पा.

एक जूनला बोटी वर ओढल्या. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला. पोरं इंजिनाभोवती बसली, मेलरॉयने शिकवायला घेतलं, मी हजेरी मांडली. चौदा आणि एक. एकच. तीन तारीख, पाच, नऊ, बारा. सोळाला अट संपत होती. मी ठरवून टाकलं होतं, की नाव काढलं तरी वर्ग बंद करणार नाही. प्रमाणपत्राशिवाय भरवीन. दारात बसून भरवीन.

पंधरा तारखेला सकाळी दारात सावली पडली. कुणीतरी चपला काढत होतं. बूट नव्हते.

"उशीर झाला," चंद्रहास म्हणाला. "पत्रावर सही व्हायला सहा आठवडे लागले. राज्याच्या कार्यक्रमात शिक्षकांची देवाणघेवाण आहे, माहितेय ना? सांगलीत जून-जुलैला माझा वर्ग हलका असतो. मी इकडचं नाव दिलं."

"सहा आठवडे? म्हणजे पुण्याहून गेल्याबरोबर..."

"दुसऱ्या दिवशी."

"आणि एक फोन करता आला नाही?"

"सही झाली नसती तर? तुम्हाला आशा दाखवून न येणं मला जमलं नसतं. तुम्ही का नाही केलात?"

"मी कुणाकडे काही मागत नाही."

"माहितेय. म्हणून न मागता आलो." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. नेमणुकीचं पत्र, दोन महिन्यांचं. मेलरॉय पोरांना मोठ्याने पिस्टन समजावून सांगत होता, नेहमीपेक्षा फारच मोठ्याने.

"हे दोन महिने वर्गासाठी," चंद्रहास हळू म्हणाला. "उरलेल्या दहा महिन्यांसाठी वेगळा अर्ज आहे."

"कुणाकडे?"

"ग्रंथालयात. पुस्तक तपासणीला पडून आहे म्हणे, फेब्रुवारीपासून."

"कारण काय लिहिलंय?"

"कारण..." त्याने एकदा पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी खाली पाहिलं नाही. "मला तुम्ही आवडता. कळंबला रिक्षातून उतरलो तेव्हाच कळलं होतं, की मला फसवलंय. तरी परत यावंसं वाटलं. रकान्यात बसेल असं नाही लिहिता आलं."

मी इंजिनाजवळून वल्ह्याचा तुकडा उचलला.

"डोळे मिटा."

"इथं? पोरं आहेत."

"शिकतील."

त्याने मिटले. मी एक टोक त्याच्या शर्टाच्या खिशावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं. पप्पांच्या कानाने गुळगुळीत केलेलं लाकूड, थंड. मेलरॉयचा पिस्टन अर्ध्यावर थांबला.

"काय सांगतंय?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

"टॅपेट ढिले आहेत."

"दुरुस्त होईल?"

"उघडून बघावं लागेल. वेळ लागेल. दोन महिन्यांत होणारं काम नाही, चंद्रहास." मी श्वास घेतला. "तू थांब."

त्या 'तू'ला त्याने डोळे उघडले. पोरांमधून कुणीतरी शिट्टी घातली आणि मेलरॉयने त्याच्या डोक्यात टपली मारली.

मी वळले. स्टँडवरच्या फळीवरून पप्पांचा चष्मा उचलला, ओढणीने पुसला आणि टेबलाच्या खणात, त्यांच्या एकतीस वह्यांवर ठेवला. फळी रिकामी झाली. चंद्रहासने काखेतली पिशवी तिथे ठेवली, अगदी अलगद.

मग मी या वर्षाची वही उघडली. विद्यार्थी चौदा, शिक्षक दोन. कडेची जागा कोरी होती. पप्पांच्या अक्षरानंतर माझं अक्षर कसं दिसेल याची भीती वाटायची, ती त्या दिवशी वाटली नाही. मी लिहिलं –

*चंद्रहास. हजर. उशिरा, कळंबमार्गे.*